मशीनचे हात बसवणारा

माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमचा दत्तू हात बसवतो." तिचं तसं काही चुकत नव्हतं. तिनं मला एकदा विचारलं होतं, की तू नक्की करतोस काय. मी म्हणालो होतो, मशीनला एक हात असतो, तो बिघडला की मी नीट बसवतो. त्यातलं मशीन तिनं गाळलं आणि बाकीचं अख्ख्या येडगावला सांगितलं.

त्याचं फळ मला एका रविवारी मिळालं. सुट्टीला घरी आलो होतो, ओट्यावर दाढी करत होतो. धरणाच्या पलीकडच्या वस्तीवरून एक गृहस्थ बैलगाडीत सासऱ्यांना घालून घेऊन आले. सासऱ्यांचा खांदा निखळलेला, चेहरा वेदनेनं काळवंडलेला. मी तोंडाला साबण तसाच ठेवून समजावलं, की मी मशीनचे हात बसवतो, माणसांचे नाही. गृहस्थांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग माणसाचा सोपाच आसंल की राव. मशीन तर लोखंडाचं आसतं."

त्यांना मी नारायणगावच्या दवाखान्यात पाठवलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दारात आलेल्या माणसाला मी परत पाठवलं, असं तिचं म्हणणं.

या अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलंय, की तुमच्या कामातले काही विजय सांगा. विजय फारसे नाहीत. पण वीसेक वर्षं मी सीएनसी मशीनच्या टूल चेंजरची दुरुस्ती केली आणि त्यात एक गोष्ट अशी घडली, की ती सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल काही सांगितलं असं व्हायचं नाही. ती लोणीची. पण आधी हा टूल चेंजर काय असतो ते सांगतो, नाहीतर तुम्हीही मला हाडवैद्य समजाल.

मिलिंग मशीन म्हणजे लोखंड कोरणारं यंत्र. सीएनसी म्हणजे ते आत भरलेल्या प्रोग्रॅमबरहुकूम आपलं आपण चालतं. एकाच जॉबवर, म्हणजे कोरायच्या तुकड्यावर, आधी सपाटी करायची, मग भोक पाडायचं, मग त्या भोकात आटे काढायचे. प्रत्येक कामाला वेगळं टूल लागतं. ही टूलं मशीनच्या बाजूला एका गोल चक्रात लटकवलेली असतात. टूल बदलायची वेळ झाली, की एक आडवा हात फिरत येतो. एका टोकानं तो चक्रातलं नवं टूल धरतो, दुसऱ्या टोकानं स्पिंडलमधलं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या दांड्यातलं, जुनं टूल धरतो. दोन्ही खाली ओढतो, अर्धा वळसा घेतो, दोन्ही वर ढकलतो आणि आपल्या जागी जातो. पंगतीतला तरबेज वाढपी एका हातानं रिकामी वाटी उचलून दुसऱ्या हातानं भरलेली ठेवतो ना, तसं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालेलंसुद्धा असतं.

मेख एवढीच, की स्पिंडलनं जुनं टूल वेळेवर सोडलं पाहिजे आणि नवं वेळेवर धरलं पाहिजे. धरून ठेवायला आत दणकट स्प्रिंगा असतात. त्या दाबून पकड सैल करायला कॉम्प्रेसरची हवा लागते. सोडणं आणि धरणं यांत जरा गफलत झाली, की टूल हातात अडकतं, नाहीतर खाली पडतं. टूल म्हणजे टाचणी नव्हे. पोलादाचा धारदार गोळा असतो, काही काही तर नारळाएवढे.

आता लोणी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भोसरीत कारखान्यांत काम शिकलेली आमच्या भागातली मुलं गावाकडं येऊन रानाच्या कडेला पत्र्याची शेड टाकायची आणि जुनं मशीन आणून जॉबवर्क करायची. लोणीचा बबन त्यांतला एक. घर मूळचं मेंढरांमागं जाणाऱ्यांचं. आजोबांपर्यंत दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड कोकणात उतरायचं. बबनचा थोरला भाऊ भिकाअण्णा. आई-बाप लवकर गेले, बबनला त्यांनीच वाढवला, शाळेत घातला, आयटीआय करवला. मग बबन भोसरीत ऑपरेटर झाला, एका खोलीत चौघांत राहू लागला आणि वर्षातून दोनदा गावाला येऊ लागला. ते अण्णांना बघवेना. त्यांनी मेंढरं विकली, चार-पाच घरी ठेवली आणि भोसरीच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं जुनं मशीन शेडमध्ये आणून उभं केलं, की भाऊ आता घरी राहील.

मशीन आमच्याच कंपनीचं, म्हणून तक्रार आमच्याकडं आली. तक्रार अशी: टूल बदलताना कधी कधी टूल पडतं. कधी पडतं ते सांगता येत नाही. चार दिवस काही होत नाही, मग एका सकाळी दोनदा पडतं.

पहिल्यांदा गेलो तो थाट अजून आठवतो. कंपनीचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर, हातात चामड्याची बॅग. शेड रस्त्याला लागूनच. पुढच्या अंगाला, भिंतीच्या पलीकडं, अण्णांच्या मेव्हण्याचं, संपतचं, पंक्चरचं दुकान. मी मोटारसायकल लावली तसे भिकाअण्णा बाहेर आले. पागोटं, धोतर, उंचपुरा माणूस. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळीकडं शांतता पसरली. रेडिओ बंद झाला. विहिरीवरची मोटर बंद झाली. संपत हातातलं काम ठेवून दारात येऊन हात जोडून उभा राहिला.

"सायेब आलेत," अण्णा म्हणाले. "आता कुणी कायबी चालू करायचं न्हाई."

असा मान मला कंपनीत कधी मिळाला नव्हता. तिथं आमचे मॅनेजर मला "ए टूल चेंजर" अशी हाक मारायचे.

मी मशीन उघडलं, हाताची साखळी तपासली, ग्रीस भरलं, टूल धरल्याची खबर देणारे सेन्सर पुसले, हवेचा दाब दाखवणारं गेज बघितलं. काटा जिथं हवा तिथं. मग टूल बदलण्याचा प्रोग्रॅम लावला आणि हात फिरत ठेवला. दुपारपर्यंत फिरला, एकदाही चुकला नाही. बबन शेजारी उभा होता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा मुलगा.

"काय केलं सायेब?" त्यानं विचारलं.

काय केलं ते मलाही माहीत नव्हतं, पण तसं सांगायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. मी म्हणालो, "सेन्सरवर तेल बसलं होतं."

पारूवहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, बाजरीची भाकरी आणि मटण वाढलं. मी जेवलो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन. टूल पडलं.

दुसऱ्या खेपेला मी विजेवर घसरलो. खेड्यातली वीज, कधी कमी कधी जास्त, मशीनचं डोकं फिरणारच, यावर मी अण्णांना आणि जमलेल्या चार लोकांना भाषण दिलं. शाळेतल्या मास्तरांसारखं भिंतीवर खडूनं चित्रही काढलं. नवा स्टॅबिलायझर बसवून घेतला. हात दिवसभर फिरवला. एकदाही चुकला नाही. त्या दिवशी शेडच्या दाराला लिंबू-मिरची आणि बिब्बा टांगलेला होता. तो माझ्या डोक्याला लागत होता, म्हणून मी काढून बाजूला ठेवला आणि वहिनींना म्हणालो, "हे इलेक्ट्रॉनिक्स आहे वहिनी, याला दृष्ट लागत नाही."

मी मंचरला पोचून चहा पीत होतो, तेवढ्यात इकडं टूल पडलं. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या खेपेला मी सेन्सर बदलले, स्पिंडलमधल्या स्प्रिंगा बदलल्या आणि मुक्कामच ठोकला. दोन दिवस मशीन माझ्यासमोर चाललं. गुणी लेकरासारखं वागलं. लिंबू-मिरची परत टांगलेली होती. या वेळी मी तिला धक्का लागणार नाही अशा बेतानं वाकून ये-जा करत होतो.

आता गावात माझं नाव झालं होतं. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "आज सायेब हायती का? मग आज पडायचं न्हाई." एक म्हातारे बबनला म्हणाले, की सायेबांचा एक फोटो मागून घे आणि मशीनसमोर लाव. मी हसलो. पण परत जाताना गाडीवर मला आतून लाज वाटत होती. मशीन मला पाहिलं की बरं होतं आणि पाठ फिरवली की बिघडतं, असं डॉक्टरच्या बाबतीत झालं असतं तर लोकांनी त्याच्या पाया पडून त्याला घरी बसवलं असतं.

मग ते झालं. बबन टूल का पडतं ते बघायला मशीनचं दार उघडं ठेवून उभा राहू लागला होता. एका सकाळी तो टेबलावरचे लोखंडाचे किस झाडत असताना सपाटी करायचं मोठं टूल मशीनच्या हातातून निसटलं आणि त्याच्या मनगटाला चाटून टेबलावर आदळलं. हातमोजा फाटला, कातडं सोलवटलं. दोन बोटं इकडं असतं, तर हात गेला असता.

मी निरोप मिळताच गेलो. बबनचा हात फडक्यात बांधलेला होता. अण्णा मशीनपासून लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"सायेब, तुमी शिकलेलं मानूस," अण्णा म्हणाले. "आता खरं काय ते सांगा. हे नीट व्हनार का न्हाई?"

आजवर मी जे जे बदलता येण्यासारखं होतं, ते बदललं होतं. उरली होती फक्त हाताला फिरवणारी गिअरची पेटी. मी उघडून बघितली नव्हती, कारण ती उघडायला मशीन अर्धं खोलावं लागतं. पण बाकी सगळं चांगलं आहे, म्हणजे हिचाच दोष असणार, असा हिशेब मी केला. आमच्या धंद्यात याला निदान म्हणतात.

"पेटी झिजलीय अण्णा," मी म्हणालो. "आता हात कधीही दगा देणार. मशीन विका."

अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "मशीन काय, दुसरं यील. भाऊ मला येकच हाय."

गिऱ्हाईकही मीच शोधलं. नारायणगावजवळ ढोबळे म्हणून एक कारखानदार होते. बोलायला तिखट, पण सरळ. त्यांना एकाच टूलचं काम होतं, टूल चेंजरची गरज नव्हती. मशीन न्यायला ते तयार झाले. बबननं चाकणला एका कंपनीत नोकरी धरली. सोमवारपासून हजर व्हायचं. मशीन उचलायचं ठरलं शनिवारी.

शनिवारी मशीन नीट सोडवून द्यायला मी तिथं असावं, असं ढोबळ्यांचं म्हणणं होतं. त्यांचा ट्रक येणार, मंचरहून क्रेन येणार, मी थेट लोणीला पोचायचं. एरवी मी निघण्याआधी लोणीच्या टेलिफोन बूथवर फोन करायचो आणि बूथवाला शेडवर निरोप द्यायचा. त्या दिवशी केला नाही. दुरुस्तीला चाललोच नव्हतो, तर वर्दी कशाला द्यायची?

लोणीच्या अलीकडं माझं मागचं चाक बसलं. मोटारसायकल ढकलत, घामाघूम होत, मी गावापर्यंत आलो. त्या दिवशी कंपनीचा शर्टही घातला नव्हता. उन्हासाठी डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. संपतच्या दुकानासमोर एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या मागच्या मोठ्या टायरचं काम चाललं होतं. संपतनं माझ्याकडं न बघताच हात केला.

"थांबा भाऊ. एवढा टायर व्हऊ द्या."

मी गाडी लावली आणि दगडावर टेकलो. संपतनं दुकानातून काळी नळी ओढत आणली, टायरला जोडली. टायर भरायला लागला. ट्रॅक्टरचा मागचा टायर म्हणजे लहान खोलीच. नळी फुसफुसत होती, टायर हळूहळू वर येत होता. भिंतीपलीकडं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. ढोबळ्यांना दाखवायला म्हणून बबननं ते शेवटचं चालवत ठेवलं असणार.

मी त्या नळीकडं बघत होतो. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून. नळी दुकानात गेली होती, तिथून कोपऱ्यात, कोपऱ्यातून भिंतीतल्या एका भोकात. भिंतीच्या पलीकडं शेड होती. शेडमध्ये कॉम्प्रेसर होता. एकच कॉम्प्रेसर.

तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला.

त्या आवाजाचं वर्णन फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं, की मी तो लगेच ओळखला. कानानं मात्र पहिल्यांदाच ऐकला. मी उठलो आणि आत पळालो. टेबलावर टूल पडलेलं होतं. बबन दार लावून लांब उभा होता, त्याला काही लागलं नव्हतं. मी त्याच्याकडं न बघता हवेच्या गेजकडं गेलो. काटा कधी नव्हे इतका खाली आलेला होता. मी बघत असतानाच बाहेर संपतचा टायर भरून झाला असावा, कारण काटा हळूहळू वर सरकायला लागला आणि आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन, जसं काही झालंच नाही, असा थांबला.

"संपत," मी ओरडलो. "परत हवा सोड."

संपत दारात आला. डोक्याला रुमाल बांधलेला माणूस मीच आहे, हे ओळखून त्यानं हात जोडले. "सायेब, तुमी व्हय. माफ करा, मला वळखू आलं न्हाई. न्हाईतर मी नळी लावलीच नसती. तुमी आल्यावर आमी कायम हवा बंद ठिवतो. दाजींचा तसा हुकूमच हाय."

मी तिथंच एका रिकाम्या खोक्यावर बसलो.

मोठा टायर भरताना कॉम्प्रेसरमधली सगळी हवा संपत ओढून घ्यायचा. नेमका त्याच वेळी मशीननं टूल बदलायला घेतलं, की स्प्रिंगा पुरत्या दबायच्या नाहीत, पकड अर्धवट सुटायची, अर्धवट बसायची, आणि टूल निसटायचं. छोट्या चाकांना काही व्हायचं नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली आली तरच. बबन गेज बघायला जाईपर्यंत काटा जागेवर. आणि मी येणार म्हटलं की अण्णा सगळं बंद करायचे, साहेबांच्या कामात व्यत्यय नको म्हणून. विजेची मोटर बंद, रेडिओ बंद, आणि त्यांच्यासोबत रोगही बंद. तीन खेपा मी ज्या शांततेत ऐटीनं उभा होतो, ती शांतताच मला आंधळा करत होती.

हवा कमी झाली तर मशीननं आपोआप थांबायला हवं, त्यासाठी एक स्विच असतो. मी मशीनच्या वायरींचं कपाट उघडून बघितलं. मशीनच्या आधीच्या मालकाकडं कुणीतरी दोन वायरी एकमेकींना पिळून तो स्विच बाजूला काढून ठेवला होता. बोटभर तांब्याची तार. तीन वेळा मी त्या कपाटात डोकं घातलं होतं. पण समोर गेजचा काटा दिमाखात उभा असताना हवेचा स्विच कोण बघतो?

बबन सगळं ऐकत होता. त्यानं फडकं बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाला, "म्हंजी पेटी झिजलेली न्हाई?"

"पेटी मी उघडलीच नव्हती," मी म्हणालो.

तो बाहेर गेला, संपतच्या दुकानातली नळी भिंतीजवळ विळ्यानं कापली, भोकात चिंधी कोंबली आणि परत येऊन मशीनसमोर उभा राहिला. स्विचच्या वायरी मी नीट जोडल्या. मग त्यानं मशीनचा हात फिरवायला लावला आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

"अण्णा कुठं आहेत?" मी विचारलं.

"वरल्या रानात. मशीन उचलताना बघवायचं न्हाई म्हनाले. सकाळी हळद-कुकू लावून गेलेत."

मशीनकडं आता माझं लक्ष गेलं. पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. घरातली गाय विकताना लावतात तशी.

सांगायला मीच गेलो. कांद्याच्या रानातून, पाटाच्या कडेनं, चांगले बूट चिखलात रुतवत. अण्णा बांधावर बसले होते. चार मेंढरं चरत होती. एक कोकरू लंगडत होतं, ते त्यांच्या पायाशी होतं. मी सगळं सांगितलं. गेज, नळी, संपत, तार. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी न्यायचं न्हाई?"

"नाही अण्णा. मशीन चांगलं आहे. माझंच चुकलं."

"आन बबन्या?"

"त्याला जायची गरज नाही. त्याचं तो ठरवील."

अण्णांनी पागोट्याचा शेव काढून तोंड पुसलं. ऊन फार नव्हतं. ते उठले, लंगडं कोकरू उचललं आणि माझ्या हातात दिलं. "एवढं घ्या," म्हणाले. बाकीची हाकत ते पुढं चालू लागले. शेडपर्यंत ते एकदाही मागं वळले नाहीत. कोकरानं माझा शर्ट ओला केला, तेही मी त्यांना सांगितलं नाही.

शेडसमोर ढोबळे, ट्रक, क्रेन, सगळे येऊन उभे. त्यांना गोष्ट बबननं सांगितलेली दिसत होती. ढोबळे माझ्याकडं बघत होते, माझ्या शर्टाकडं, कोकराकडं.

"मशीन विका असं यांना तुम्हीच सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि आता विकू नका, हेही तुम्हीच सांगता."

"हो."

ते आणखी काही बोलणार होते, पण पारूवहिनी दारात आल्या. निरोपाचं म्हणून त्यांनी मटण केलं होतं, क्रेनवाल्यांसाठी आणि ट्रकवाल्यांसाठीही. "राग काय पळून जातोय व्हय पावणं? जेवल्यावर करा," त्या ढोबळ्यांना म्हणाल्या. "पानं वाढल्यात." ढोबळे जेवले. क्रेनचा ड्रायव्हर सगळ्यांत जास्त जेवला आणि म्हणाला, इतकं सोपं काम त्याला कधी मिळालं नव्हतं.

बबन चाकणला गेला नाही. सोमवारी त्यानं कंपनीत फोन करून कळवलं. पुढं ते मशीन त्या शेडमध्ये अनेक वर्षं चाललं, नंतर शेजारी दुसरंही आलं. संपतनं आपला वेगळा छोटा कॉम्प्रेसर घेतला. त्यानं काही दिवस बबनशी अबोला धरला, मग संपवला. हे सगळं मला पुढं कळत राहिलं, कारण मी त्यांच्याकडं बघायला जात राहिलो.

त्या शनिवारी मात्र मला घरी जायचं होतं आणि माझं चाक बसलेलं होतं. पंक्चर संपतनं काढलं, पण हवा भरायची नळी बबननं कापलेली होती आणि हातपंप गावात कुणाकडं मिळेना. शेवटी ढोबळेच म्हणाले, "चढवा गाडी ट्रकात. रिकामा तर चाललाय."

माझी मोटारसायकल ट्रकच्या मधोमध उभी केली आणि मशीनसाठी आणलेल्या जाडजूड दोरांनी तिला चारी बाजूंनी बांधली. मी ढोबळ्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. मंचर गेलं, एकलहरे गेलं, कळंब गेलं. ढोबळे काचेतून समोर बघत होते. नारायणगाव जवळ आल्यावर ते बोलले.

"माझ्या मोठ्या मशीनचा स्पिंडल गेलाय, असं मागं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो."

"मी नवा मागवलाय."

मी मागच्या खिडकीतून बांधलेल्या मोटारसायकलीकडं बघितलं.

"तर तो यायच्या आत एकदा येऊन परत बघा," ते म्हणाले. "कधी येता? तसं बाकीचं काम थांबवून ठेवतो."

"काही थांबवू नका," मी म्हणालो. "मी न सांगता येतो."